दोन माणसांची लंका

एकोणीसशे पंचावन्न साल, मी वीस वर्षांचा, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, अन् त्याच साली मला असा साडू मिळाला की तसा माणूस औरंगाबादेत आधी झाला नाही अन् पुढं होणार नाही. हे मी पैजेवर सांगतो. ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नाही, ज्याच्या घरच्या नळाला एक दिवसाआड पाणी, त्या माणसाला समुद्रापलीकडच्या लंकेतला एकूण एक रस्ता, घाट, आगगाडीचा फाटा अन् मोटारीचा थांबा असा पाठ होता, जसा आपल्याला आपल्या घरातला उंबरा अंधारातही पाठ असतो. कँडी गावच्या तळ्याला वळसा घालायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं, अन् शहागंजात भाजी आणायला धाडलं की वाट चुकून भलत्याच गल्लीतून रिकामी पिशवी घेऊन यायचे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, उस्मानपुऱ्यात राहायला, कचेरीत दफ्तर सांभाळायला. निजामाच्या अमलात तिथले सगळे कागद उर्दूत; पोलीस ॲक्शन झालं अन् कारभार मराठीत आला, तेव्हा जुन्या कागदांवरचं नव्यात उतरवायचं काम यांच्याकडं आलं. दोन्ही लिप्यांत हात असा की साहेब खाली सही करायला लाजायचा. मी टांगेवाला. बापाचा टांगा, बापाची घोडी, छावणीच्या बाजूला तबेला. शाळा उर्दू चौथीपर्यंत. पाचवीत होतो तेव्हा ॲक्शन झालं, मास्तर बदलला, भाषा बदलली, अन् मी म्हणालो, आता पुन्हा पहिल्यापासून अक्षरं कोण गिरवतो? घोडीला कोणतीही भाषा चालते. शाळा सुटली ती सुटलीच.

त्या साली धोंड्याचा महिना आला अन् सासऱ्यांनी दोन्ही जावई सिल्लोडला जेवायला बोलावले. साडू मोटारीनं आले. मी बायकोला घेऊन माझ्या टांग्यानं गेलो, वाटेत एक मुक्काम करून. पाटावर शेजारी शेजारी बसलो. अनारसे वाढून झाले तसं साडूंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला अन् माझ्या ताटाजवळ पसरला. आंब्याच्या कोयीसारखं काहीतरी काढलेलं होतं, भोवती सगळं निळं. "पाव्हणं," म्हणाले, "लंकेला येता का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "लंका?"

"सिलोन म्हणतात तीच. सगळी हिरवी आहे. रोज दुपारी पाऊस पडतो. मी पाहून ठेवलंय सगळं, फक्त जायचं राहिलंय. दोघं जाऊ. माणूस एकटा गेला तर पाहिलेलं सांगणार कुणाला?"

भोवती सासरे, चुलत सासरे, दाराआड बायका, सगळे कान लावून. मी त्या कागदाकडं बघितलं. त्यावर बारीक मराठी अक्षरं होती, अन् त्यातलं एकही मला लागत नव्हतं. आज पंचावन्न वर्षांनी कबूल करतो, मला घाम फुटला. वाटलं, या शिकलेल्या माणसाच्या मागं मी गाठोड्यासारखा फिरणार. हा पाट्या वाचणार, मी माना हलवणार. म्हणून मिशीवर हात फिरवला अन् मोठ्यानं म्हणालो, "साडूभाऊ, आपण टांगेवाला माणूस. ज्या गाडीचा लगाम माझ्या हातात नाय, त्या गाडीत मी बसत नाय."

"वा, जावईबापू!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. सगळे हसले, दाराआडून बांगड्या वाजल्या, अन् ते वाक्य माझ्या नावाला जन्माचं चिकटलं. हसले नाहीत ते फक्त साडू. त्यांनी नकाशाची घडी घातली, कानावरची पेन्सिल काढली, "हां, हा मुद्दा राहिलाच होता," म्हणाले अन् कागदाच्या पाठीवर काहीतरी टिपून घेतलं.

त्या दिवसापासून वही सुरू झाली. जाड पुठ्ठ्याची, कचेरीतल्या रजिस्टरासारखी, अन् लिहिलेली उर्दूत. मराठीचं राज्य आलं, पोरं शाळेत मराठी शिकायला लागली, यांची वही मात्र उजवीकडून डावीकडं चाललेली. कचेरीतले सोबती डिवचायचे, "काय हो, निजाम गेला, तुमच्या डोक्यातून कधी जाणार?" साडू शांतपणे म्हणायचे, "ज्याला वाचायचीय त्याला येते वाचता." मी घरी गेलो की चहाआधी वही यायची. ते ती माझ्यापुढं सरकवायचे. मी हात न लावता कोपरानं परत सरकवायचो. "मला काय करायचंय तुमच्या वहीचं?" ते म्हणायचे, "राहू द्या, राहू द्या," अन् स्वतःच बोलायला लागायचे. हा आमचा वर्षानुवर्षांचा दस्तूर.

बोलायला लागले की आमच्या शहराची लंका व्हायची. न पाहिलेला मुलूख समजून घ्यायची त्यांची रीतच तशी होती. त्यांनी अख्खं बेट आमच्या जिल्ह्यावर अंथरलं होतं. "कोलंबोचं बंदर म्हणजे आपलं स्टेशन समजा. बंदरातून गावात यायचं अंतर म्हणजे स्टेशन ते उस्मानपुरा, जास्त नाय. तिथून कँडी म्हणजे खुलताबाद, चढ तसाच, फक्त झाडी शंभरपट. त्याच्यावर चहाचे मळे, थंडी, ते म्हैसमाळ. म्हैसमाळला कान गार पडतात का नाय? तसंच." एकदा माझ्या बायकोनं त्यांना कोथिंबीर कुठून आणली विचारलं तर तंद्रीत म्हणाले, "कँडीहून खाली उतरताना डाव्या हाताला." बायको म्हणाली, "दाजी, एवढ्या लंकेच्या वाऱ्या करता, मग शेपूट कुठं ठेवता?" दाजी खुशाल म्हणाले, "ते तुमच्या मालकांकडं आहे. ते तयार झाले की उडी मारू."

तिथं रोज दुपारी पाऊस पडतो, तर सवय असावी म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला साडू छत्री उघडायचे. मग वैशाख असो, लू चालू असो, उस्मानपुऱ्याचा डांबरी रस्ता बुटाला चिकटत असो. कचेरीच्या व्हरांड्यातून खाली उतरायचे, काळी छत्री उघडायची, दहा मिनिटं झाडाखाली उभं राहायचं, छत्री झटकायची, मिटायची, आत जायचं. झटकायची हे ध्यानात घ्या. कोरडी छत्री. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीत पाण्याचा टँकर यायचा अन् बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एक दिवस साडू छत्री न उघडता तिथून चालले तर रांगेतल्या एका म्हातारीनं हाक मारली, "अहो दफ्तरवाले, आज विसरलात का? उघडा की. तुमची बघून तरी त्याला लाज वाटंल." रांग हसली. साडू थांबले, छत्री उघडली, अन् टँकर रिकामा होईस्तोवर त्या म्हातारीच्या डोक्यावर धरून उभे राहिले. पाऊस काही आला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रांगेतल्या बायका त्यांची वाट बघायला लागल्या.

आगबोटीची त्यांना धास्ती होती. पाण्यावर पोटात ढवळतं असं कुणीतरी सांगितलेलं. त्यावर उपाय म्हणून दर जुम्म्याला, माझी सवारी नसली की, ते माझ्या टांग्यात मागच्या बाजूला बसायचे. टांग्याची मागची बैठक उलट्या तोंडाची. रस्ता पुढं जातो अन् माणूस मागं. मकबऱ्याच्या पाठीमागं तेव्हा दगडगोट्यांचा रस्ता होता. त्यावरून मी घोडी पळवायची. "येऊ द्या पाव्हणं, आणखी मोठी लाट येऊ द्या!" हे मागून ओरडणार, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातानं टपाचा दांडा धरलेला, टोपी केव्हाच रस्त्यात पडलेली. तीन लाटांत त्यांचं तोंड लिंबाच्याच रंगाचं व्हायचं. उतरल्यावर झाडाला धरून उभे राहायचे अन् म्हणायचे, "मागच्या जुम्म्यापेक्षा आज बरंच पुढं गेलो. रामेश्वर मागं पडलं असेल."

अन् टांग्यात बसले की पाट्या वाचायची खोड. मोठ्यानं, बोट दाखवून, एकेक अक्षर तोडून. "शि-व-ण-का-म. कि-रा-णा. दा-त काढून मिळतील." सवाऱ्या वैतागायच्या. मीही म्हणायचो, साडूभाऊ, घोडी बुजते. ते थांबायचे नाहीत. आठ-दहा वर्षं असं चाललं अन् एक दिवस पैठण गेटाजवळ नवी पाटी लागली होती ती मी त्यांच्याआधी वाचली. मनातल्या मनात. त्यांनी ती वाचली नाही. पाटीकडं वळलेली माझी मान तेवढी बघितली, अन् त्यानंतर त्यांची ती खोड गेली. मला शिकवलं असं ते आयुष्यात एकदाही म्हणाले नाहीत. मीही शिकलो असं म्हणालो नाही. आज हे लिहितोय ती अक्षरं त्या पाट्यांवरचीच.

लेण्या बघायला लंकेतून भिक्खू यायचे. मकबऱ्याच्या वरच्या डोंगरात बुद्धाच्या लेण्या आहेत, तिकडं न्यायला माझा टांगा करायचे. साडूंनी मला ताकीद देऊन ठेवलेली: असली सवारी मिळाली की आधी कचेरीवर यायचं. मी भगव्या कपड्यातले तीन भिक्खू घेऊन कचेरीच्या फाटकाशी उभा राहायचो अन् हाळी द्यायचो, "साडूभाऊ, लंका आली!" हे छत्री घेऊन धावत. पायरीवर बसून त्यांच्याशी आपल्या पुस्तकी इंग्रजीत बोलणार. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण भिक्खूंचे चेहरे कळायचे. एकदा एका बुढ्या भिक्खूनं डोळे मोठे करून काहीतरी विचारलं. साडूंनी मला सांगितलं, "विचारतात, तुम्ही आमच्या गावात कधी होता? मी म्हणालो, अजून यायचोय." मग साडूंनी हळू आवाजात त्याला काही विचारलं, दोन्ही मुठी पुढं धरून वरखाली केल्या, अन् माझ्याकडं बोट दाखवलं. भिक्खू हसला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अन् मान डोलावली. मला वाटलं, हा टांगा चांगला हाकतो असं सांगत असतील. मी पाठ ताठ केली अन् घोडीला दुडक्या चालीवर घेतलं.

साडूंसोबत लंकेला जायला माणसं नव्हती असं नाही. कचेरीतला एक कारकून तर पैसे घेऊन तयार होता. साडू म्हणाले, "माझ्या वहीत दुसरा माणूस ठरलेला आहे." अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "मग त्या माणसाला एकदा हो तरी म्हणू दे!" अन् मी म्हणत नव्हतो. दर वर्षी एक सबब. घोडी गाभण आहे, घोडीला नाल मारायचीय, घोडीला माझ्या हातचीच चंदी लागते. अन् घरी येऊन घोडीला खरारा करताना मनात घोकायचो: मनमाड, दौंड, मद्रास, धनुष्कोडी, मग आगबोट, मग पलीकडं. ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालं होतं. उन्हाळ्यात तबेल्याचे पत्रे तापले की डोळे मिटून मी खुलताबादचा चढ चढायचो, शंभरपट झाडीतून.

चौसष्ट सालच्या दिवाळीत ते म्हणाले, "पाव्हणं, मनमाडची तालीम करायचीय. आपली लहान गाडी सोडून मोठ्या रुळाच्या गाडीत बसायला किती वेळ लागतो ते बघायचं. पुढची सगळी मांडणी त्यावर आहे."

"मी गाडीत बसत नाय."

"प्रवासात बसू नका. ही तालीम आहे. तालमीत कुस्ती खरी धरत नाहीत."

गेलो. पूर्ण सामान घेऊन गेलो, वळकट्या, दशम्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या. मनमाडला उतरलो तसे साडू घड्याळ हातात धरून पुढं, मी दोन वळकट्या घेऊन मागं, जिना चढलो, जिना उतरलो. दौंडकडची गाडी उभीच होती. "वा!" साडू म्हणाले. "पाच मिनिटं हातात राहतात. बसा पाव्हणं, खिडकीशी. बाक कसा आहे तेवढं बघा."

वळकट्या फलाटावर ठेवून मी आत चढलो, खिडकीशी बसलो. लाकडाचा बाक, उन्हानं ऊबदार झालेला. समोर एक मद्रासी बाई केळीच्या पानात भात खात होती. तिनं माझ्याकडं बघून पाय आवरले, जागा दिली. म्हणजे मी जाणारा माणूस आहे असं तिनं धरलं. तेवढ्यात शिटी झाली अन् गाडी हलली.

मी उठलो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनमाडचा फलाट मागं सरकायला लागला, अन् माझे पाय जिथं होते तिथं राहिले. लगाम नव्हता, चाबूक नव्हता, अन् मला काही वाटत नव्हतं. उलट अंगावरून ओझं उतरल्यासारखं होतं. फलाटावरून साडू धावत होते, धोतर एका हातात, छत्री दुसऱ्या हातात: "उतरा पाव्हणं! अहो, अजून रजा मंजूर नाय! सामान खाली हाय!" मग मी उतरलो. पडता पडता उतरलो.

धापा टाकत त्यांनी विचारलं, "का नाय उठला?"

"झोप लागली व्हती," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. परतीच्या गाडीत अख्खी वाट गुणगुणत होते. त्यांनी रजा जानेवारीअखेरची मागितली होती. मी ठरवलं, संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाईन तेव्हा सांगून टाकीन, येतो म्हणून. नऊ वर्षं ताणून धरलं, आता सण बघून सोडायचं, असा माझा डौल.

संक्रांतीला तीन आठवडे होते तेव्हा समुद्रात वादळ झालं. धनुष्कोडी गाव गेलं, रूळ गेले, अन् स्टेशनाच्या तोंडाशी आलेली गाडी माणसांसकट गेली. पेपरात आलं. मी उस्मानपुऱ्यात गेलो तर साडू ओट्यावर कांबळ्यावर बसलेले. त्यांनी सुतक धरलं होतं. पुरते तेरा दिवस. दाढी नाही, गोडधोड नाही, पायात वहाण नाही. गल्लीतले लोक भेटायला येऊन गोंधळायचे. एकानं विचारलं, "गावाकडचं कुणी गेलं का?"

"नाय. सोबतचे गेले."

"कुणाच्या सोबतचे?"

"आमच्याच. आम्ही एका महिन्यानं मागं होतो, एवढंच."

अक्का लाजेनं आत जाऊन बसली होती. माणूस गेला की भांडी पालथी घालतात तसे हे वही पालथी घालून बसले होते. कुणी हसलं की मी त्याच्याकडं असं बघायचो की तो उठून जायचा.

संक्रांत आली. मी तिळगूळ घेऊन गेलो. सुतक फिटलं होतं, दाढी केलेली होती. माझ्या हातावरचा तिळगूळ घेऊन ते म्हणाले, "पाव्हणं, आता रस्ताच राहिला नाय." अन् त्यांचा आवाज असा झाला की मला ऐकवेना. त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं की साडूभाऊ, दुसरा रस्ता काढा, मी येणार होतो, मी येतो. तेवढंच म्हणायचं होतं. पण रडवेल्या माणसापुढं माझं तोंड नेहमी वाकडंच चालतं. मी म्हणालो, "बरंच झालं. नाय तरी मी कुठं येणार व्हतो?"

"व्हय," ते म्हणाले. "ते बी खरंच." अन् वही सुलटी करून नवं पान काढलं.

पुढं रामेश्वरहून आगबोट सुरू झाली. वहीत नवा रस्ता आला. पण माझ्याकडं पोरांची लग्नं, बायकोचं दुखणं, अन् तोंडात एकच शब्द, बघू. मग त्या बेटावर आपसातली लढाई पेटली अन् आगबोटही थांबली. साडू पेन्शनीत गेले. रोज सकाळी पेपर घेऊन बसायचे, घरातलं माणूस दवाखान्यात असल्यासारखे बातम्या बघायचे. "कँडीचं आज काही नाय. बरंय कँडीचं." इकडं शहरात रिक्षा आल्या अन् टांगे बसले. मी शेवटपर्यंत टांगा ठेवला. शेवटची घोडी मेली तेव्हा साडू माझ्याजवळ येऊन बसले. मग खाकरून म्हणाले, "पाव्हणं, वाईट झालं. पण आता घोडीला कोण बघंल, हा मुद्दा निकाली निघाला." मी त्यांच्याशी सहा महिने बोललो नाही. ते मात्र दर जुम्म्याला येऊन माझ्यासमोर बसत, चहा पीत, अन् जाताना मला ऐकू जाईल असं भिंतीला म्हणत, "येतो."

लगाम खुंटीला टांगला अन् मी थोरल्या पोराकडं पुंडलिकनगरला राहायला आलो. रिक्षात मात्र बसलो नाही. ज्यांनी माझा अड्डा उठवला त्यांच्या गाडीत मागं बसायचं? पुंडलिकनगर ते उस्मानपुरा पायी जायचो, पायीच यायचो. पोरगा म्हणायचा, आबा, लोक मला नावं ठेवतात. मी म्हणायचो, ठेवू दे.

गेल्या साली लंकेतली ती लढाई संपली. बातमी आली त्या दिवशी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली अन् त्यातून आधी काळी छत्री, मग साडू उतरले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. नातवानं हात धरायला बघितलं तर त्याला झटकलं. "पाव्हणं! रस्ता उघडला!"

मी खाटेवर होतो. गुडघे धरून बसलेलो. म्हणालो, "या वयात?"

"ह्याच वयात. आता रजेचा अर्ज नाय, घोडी नाय, पोरं वाटंला लागली. आता कोणती सबब हाय ते सांगा."

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. तिचा पुठ्ठा तिसऱ्यांदा बांधलेला. अन् माझा हात, मेला, सवयीनंच पुढं झाला अन् कोपरानं ती परत सरकवली. "बघू," मी म्हणालो. "पावसाळा जाऊ द्या."

"बघा," ते म्हणाले. "पण लवकर बघा."

तो पावसाळा गेला, उन्हाळा गेला. औंदाच्या श्रावणात, दुपारी तीनच्या सुमाराला, ते ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या जागी गेले. त्या दिवशी खरोखरचा पाऊस होता. छत्री मांडीवर होती, मिटलेली.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झाल्यावर त्यांचा मुलगा कपाट आवरत होता. वही रद्दीच्या ढिगावर पडलेली. "घरात कुणालाच वाचता येत नाही, मावसकाका," तो म्हणाला. "बाबांना मराठीत लिहायला काय होत होतं कोण जाणे. इतकं छान लिहायचे."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ज्याला येते त्याला दे."

मी पहिल्यांदा ती वही हातात घेतली. पंचावन्न वर्षं जी परत सरकवली ती. उजव्या बाजूनं उघडली. शाळा सुटल्यापासून ती लिपी मी वाचली नव्हती, पण अक्षर असं मोठं, असं सुटं सुटं काढलेलं होतं की चौथीतल्या पोराला वाचता यावं. चौथीतल्याच पोरासाठी काढलेलं होतं.

पहिल्या पानावर, धोंड्याच्या महिन्यातल्या त्या दिवशी लिहिलेलं: पाव्हणे यांची अट. लगाम स्वतःच्या हातात असावा. वाजवी अट आहे. उपाय शोधणे.

अन् पुढं अख्खी वही म्हणजे तो उपाय होता. कँडीहून खालच्या गावांना बैलाची छकडी मिळते, हाकणारा बाजूला बसेल, कासरा पाव्हण्यांच्या हाती देतील. बुढ्या भिक्खूनं पाव्हण्यांना बघून शब्द दिला आहे. आगगाडीत इंजिनाला लागून असलेला डबा धरणे, म्हणजे हाकणारा जवळ आहे असं त्यांना वाटेल. आगबोटीवर कप्तानाला भेटणे, पाव्हण्यांचा धंदा सांगणे, चाक घटकाभर धरू देतो का विचारणे. अन् शेवटच्या पानावर, गेल्या सालच्या तारखेखाली: रिक्षा तिथंही झाल्या आहेत. पाव्हणे बसणार नाहीत. सगळं पायी करावं. मला हळू चालावं लागेल. त्यांना चालेल का, हे विचारायचं राहिलं आहे.

मी ती वही मिटली. अक्कानं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "रस्ता." अन् वही बगलेत मारून पुंडलिकनगरपर्यंत चालत आलो. लई हळू चाललो. सोबत कुणी असल्यागत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. खुंटीवरचा लगाम खुंटीवरच राहू दिला. अक्काकडून मागून आणलेली छत्री अन् वही घेतली अन् सुनेला म्हणालो, रिक्षा थांबव. ती म्हणाली, "कुणासाठी, आबा?" रिक्षा आली. मी मागं चढलो अन् एका कडेला सरकून बसलो. रिक्षावाला पोरगा आरशातून बघत म्हणाला, "चाचा, बीच में आराम से बैठो ना, अकेलेच तो हो."

"नाय," मी म्हणालो. "दो आदमी की जगा है. टेशन चल. मनमाड का टिकट निकालना है."